देवयानी आणि त्रिकोणातले तेजस्वी निळे रूपविकारी तारे : ओळख पटवण्याचा प्रश्न आज कुठे आहे?

१९५३ साली एडविन हबल आणि ॲलन सँडेज यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. देवयानी (एम-३१) आणि त्रिकोण (एम-३३) या आपल्या शेजारच्या सर्पिल दीर्घिकांमधल्या अवघ्या पाच ताऱ्यांचा तो अभ्यास होता. माउंट विल्सन वेधशाळेत सुमारे चार दशके जमलेल्या छायाचित्रांच्या काचांवरून त्यांनी या ताऱ्यांच्या तेजाचे आलेख काढले. सेफीड ताऱ्यांसारखी ठरलेली लय त्यांत नव्हती. तारा वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राही, मग एक-दोन प्रतींनी उजळे, सावकाश मंदावे, आणि पुन्हा केव्हा उजळेल याचा काही नेम नसे. हबल त्याच वर्षी निवर्तले. हे पाच तारे पुढे बराच काळ ‘हबल-सँडेज तारे’ म्हणूनच ओळखले गेले.

१९८०च्या दशकात पीटर काँटी यांनी अशा ताऱ्यांसाठी ‘तेजस्वी निळे रूपविकारी’ हे नाव सुचवले आणि त्याचे इंग्रजी लघुरूप एलबीव्ही रूढ झाले. सूर्याच्या काही लाख ते दहा लाखांहून अधिक पट तेज, जन्माच्या वेळी सूर्याच्या २५ ते १०० किंवा त्याहून जास्त पट वस्तुमान, आणि सगळे आयुष्य जेमतेम काही दशलक्ष वर्षांचे, अशी ही जात. इतक्या ठळक ताऱ्यांची यादी करणे सोपे असायला हवे होते. तसे झालेले नाही. हबल-सँडेज यांच्या मूळ पाचांपैकी एक तारा या जातीचा नाही, हे कळायला सुमारे तीन दशके गेली. नंतरच्या याद्यांत कितीतरी तारे ‘उमेदवार’ म्हणून आले. त्यांतले काही पक्के ठरले, काही वगळले गेले, आणि बरेचसे अजून मधेच लटकलेले आहेत. महाकाय तारे कसे वाढतात आणि कसे मरतात यावरचे काही मोठे वाद या याद्यांवर उभे आहेत. म्हणून ओळखीचा प्रश्न नीट मांडून पाहायला हवा.

शेजारच्या दीर्घिकाच का?

आपल्याच आकाशगंगेत असे तारे आहेत. १६०० साली विलेम ब्लाऊ यांना हंस तारकासमूहात अचानक दिसलेला पी सिग्नी हा त्यांतला पहिला नोंदलेला. एटा कॅरिनी १८४३च्या सुमारास काही काळ रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा झाला होता. पण आकाशगंगेच्या प्रतलात धूळ फार आहे आणि अंतरांची खात्री कमी. अंतर चुकले की तेजस्विता चुकते, आणि तेजस्विता चुकली की ताऱ्याची जातच चुकते. गाया यानाच्या मोजमापांनंतर आकाशगंगेतल्या काही अशा ताऱ्यांची अंतरे, आणि त्यांबरोबर त्यांचे अंदाजित तेज, लक्षणीय कमी करावे लागले.

एम-३१ सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, एम-३३ त्याहून थोडी पलीकडे. तिथले सगळे तारे आपल्यापासून व्यवहारतः एकाच अंतरावर असल्याने त्यांच्या तेजाची तुलना थेट करता येते. अडचण आहे ती गर्दीची. एम-३१ मध्ये एका चापसेकंदात सुमारे १२ प्रकाशवर्षांचा पल्ला मावतो. जमिनीवरच्या दुर्बिणीला जो एक ठिपका दिसतो, तो एखाद्या वेळी छोटा तारकागुच्छ असतो. हबल अवकाश दुर्बिणीच्या सर्वेक्षणांनी हा अडसर बराच कमी केला आहे. एम-३१ च्या सुमारे एक तृतीयांश भागातले ११ कोटींहून अधिक आणि एम-३३ च्या गाभ्यातले सुमारे २ कोटी तारे त्यांत सुटे सुटे मोजले गेले.

तारा नेमके काय करतो?

या जातीची खरी खूण म्हणजे ‘एस डोराडस’ प्रकारचा बदल. मोठ्या मॅजेलनी मेघातल्या ताऱ्यावरून हे नाव पडले. शांत अवस्थेत ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण १२,००० ते ३०,००० अंश केल्विन तापलेला असतो आणि त्याचे बरेचसे उत्सर्जन अतिनील पट्ट्यात होते. उद्रेकात बाहेरचे थर फुगतात, वारे दाट होतात, आणि तारा ८,००० अंशांच्या आसपास थंड असल्यासारखा दिसू लागतो. अतिनील किरणांत जाणारी ऊर्जा आता दृश्य प्रकाशात येते. त्यामुळे एकूण ऊर्जा फारशी न वाढताही तारा आपल्याला एक-दोन प्रतींनी उजळलेला दिसतो. ही अवस्था काही वर्षे टिकते, कधी काही दशके. एकूण तेज उद्रेकात अगदी स्थिर राहते, असे पूर्वी मानले जाई. एजी कॅरिनी या अशाच एका ताऱ्याच्या तपशीलवार अभ्यासात ते थोडे घटते असे दिसले, तेव्हा हा नियम आता ढोबळ मानावा लागतो.

एटा कॅरिनीचा १९व्या शतकातला महाउद्रेक याहून फार वेगळा होता. त्यात एकूण ऊर्जाच प्रचंड वाढली आणि सूर्याच्या कित्येक पट वस्तुमान बाहेर फेकले गेले. दोन्ही घटनांना एकाच नावाखाली ठेवण्याची सवय या क्षेत्राला महागात पडली आहे असे मला वाटते. एस डोराडसचा फुगवटा आणि एटा कॅरिनीचा महाउद्रेक एकाच कारणाने होतात, हे कुणीही सिद्ध केलेले नाही.

थंड ताऱ्यांच्या तेजाला असलेल्या मर्यादेची बाजू १९७९ साली पुढे आली. रॉबर्टा हम्फ्रीज आणि क्रिस डेव्हिडसन यांनी दाखवले की एका ठराविक तेजाच्या वर थंड, लाल महाराक्षसी तारे आढळतच नाहीत. सर्वांत जड तारे लाल होण्याआधीच आपले बाहेरचे थर गमावतात आणि मागे फिरतात, हा त्याचा सरळ अर्थ. हे थर घालवण्याचे काम एलबीव्ही अवस्था करते असे मानले गेले, आणि या थोड्या ताऱ्यांना ताऱ्यांच्या उत्क्रांतीत मध्यवर्ती जागा मिळाली.

तोतये

उद्रेकात असलेला तारा ओळखणे तुलनेने सोपे. शांत बसलेला तारा ओळखणे अवघड, कारण तेव्हा त्याचा वर्णपट इतर अनेक तप्त ताऱ्यांसारखाच असतो: हायड्रोजन, हेलियम आणि आयनित लोहाच्या उत्सर्जन रेषा, आणि बऱ्याचदा पी सिग्नीच्या धर्तीच्या जोडरेषा, म्हणजे लाल बाजूला उत्सर्जन आणि निळ्या बाजूला शोषण.

या जातीशी गल्लत होणारे तारे मुख्यतः तीन प्रकारचे. पहिले बी-कंस-ई महाराक्षसी. त्यांच्या वर्णपटात ऑक्सिजन आणि लोहाच्या निषिद्ध रेषा ठळक असतात, भोवती वायूची आणि धुळीची तबकडी असते, आणि त्या धुळीमुळे अवरक्त प्रकाशात ते अपेक्षेपेक्षा तेजस्वी दिसतात. दुसरे मध्यम तापमानाचे हायपरजायंट, म्हणजे लाल अवस्था संपवून परत निळ्या बाजूकडे निघालेले तारे. तिसरे उशिराच्या वोल्फ-राये प्रकारातले, म्हणजे बाहेरचे थर बरेचसे गमावलेले, तप्त तारे. हा तिसरा प्रकार गोंधळात भर घालतो, कारण त्यांतले काही खरोखरच झोपलेले एलबीव्ही असतात. मोठ्या मॅजेलनी मेघातला आर-१२७ असाच तारा होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो उद्रेकात गेला तेव्हाच त्याची खरी ओळख पटली.

हबल-सँडेज यांच्या पाचांपैकी जो वेगळा निघाला तो एम-३३ मधला ‘व्हेरिएबल ए’, आणि त्याची कथा विलक्षण आहे. १९५० साली तो त्या दीर्घिकेतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत होता. मग वर्षभराच्या आत तो तीन प्रतींहून अधिक मंदावला. १९८०च्या दशकात त्याचा वर्णपट घेतला तेव्हा तो थंड, लालसर महाराक्षसीसारखा दिसला आणि भोवती भरपूर धूळ सापडली. या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा उबदार वर्णपटाकडे परतला होता. उद्रेक सुमारे ४५ वर्षे चालला होता. आज त्याची गणना हायपरजायंटांत होते. फक्त तेजाचा आलेख पाहून जात ठरवली तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

शोधण्याच्या वाटा

पहिली वाट प्रकाशमापनाची, म्हणजे वर्षानुवर्षे तेज मोजत राहण्याची. लिओनिदा रोझिनो आणि बियांकिनी यांनी इटलीतल्या आसियागो वेधशाळेच्या छायाचित्रांवरून १९७३ साली हबल-सँडेज यांचे काम पुढे नेले. देवयानीतले एई, एएफ, व्हेरिएबल १५ आणि ए-१ तसेच त्रिकोणातले बी, सी, २ आणि ८३ हे तारे आज पक्के मानले जातात ते अशा दीर्घ नोंदींच्या आणि वर्णपटांच्या एकत्र आधारावर. व्हेरिएबल सी २०१३ साली पुन्हा उद्रेकात गेला. एका शतकाच्या नोंदी जुळवणाऱ्या अभ्यासाने त्याच्या वर्तनात सुमारे ४० वर्षांची आवर्तने सुचवली आहेत. तसे असेल तर एका खगोलशास्त्रज्ञाच्या सगळ्या कारकिर्दीत अशा ताऱ्याचे जेमतेम एक आवर्तन पुरे होते.

दुसरी वाट उत्सर्जन रेषांची. दाट वाऱ्यांमुळे हायड्रोजनची एच-अल्फा रेषा जोरकस होते, म्हणून त्या रेषेपुरता प्रकाश सोडणारी गाळणी लावून सगळ्या दीर्घिकेचे चित्र घ्यायचे आणि उठून दिसणाऱ्या ठिपक्यांचे वर्णपट काढायचे. लोवेल वेधशाळेच्या फिलिप मॅसी यांच्या गटाने किट पीकवरच्या ४ मीटर दुर्बिणीने केलेल्या सर्वेक्षणातून २००७ साली अशा उमेदवारांची मोठी यादी आली. कॉकेशसमधल्या ६ मीटर दुर्बिणीवरून फाब्रिका, शोलुखोवा आणि वालेयेव यांच्या गटानेही हेच काम चिकाटीने केले. या वाटेत आयनित वायूचे लहान मेघ चाळून बाजूला काढावे लागतात. मधे येणारे आपल्याच आकाशगंगेतले तारे मात्र वेगावरून सहज कळतात, कारण देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे.

तिसरी वाट अवरक्त आणि अतिनील मोजमापांची. एम-३१ आणि एम-३३ मधल्या पक्क्या एलबीव्हींभोवती गरम धूळ आढळत नाही, असे हम्फ्रीज यांच्या गटाला दिसले. बी-कंस-ई तारे आणि हायपरजायंट यांच्याभोवती ती असते. त्यांनी आणखी एक निकष मांडला: शांत अवस्थेतल्या एलबीव्हींचे वारे सेकंदाला १०० ते २०० किलोमीटर वेगाचे, म्हणजे त्याच तापमानाच्या साध्या महाराक्षसींच्या वाऱ्यांपेक्षा संथ असतात. अतिनील बाजूला भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीने एम-३१ चे सर्वेक्षण केले आहे. या उपकरणात पुण्याच्या आयुकाचाही सहभाग होता. तप्त ताऱ्यांच्या तापमानाचा अंदाज बांधायला अशी मोजमापे मोलाची ठरतात.

अलीकडे संगणकाला शिकवून वर्गीकरण करण्याचे प्रयत्न होत आहेत. ग्रीसमधल्या एका गटाने २०२२ साली एम-३१ आणि एम-३३ मधल्या ज्ञात ताऱ्यांच्या रंगांवर असा वर्गीकारक घडवला. निळे, पिवळे आणि लाल महाराक्षसी तो बऱ्यापैकी ओळखतो. एलबीव्हींच्या बाबतीत तो कमी पडतो, आणि त्याचे कारण उघड आहे. शिकवायला नमुनेच मूठभर, आणि एकाच ताऱ्याचे रंग शांत असताना एक तर उद्रेकात दुसरेच.

पक्का कुणाला म्हणावे?

इथे दोन भूमिका आहेत आणि दोन्हींत दम आहे.

पहिली भूमिका कडक आहे. हम्फ्रीज, डेव्हिडसन, केर्स्टिन वाइस आणि त्यांचे सहकारी म्हणतात की एस डोराडस प्रकारचा बदल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तारा पक्का धरू नये. तेजही वाढले पाहिजे आणि वर्णपटही तप्तावरून थंडाकडे सरकला पाहिजे. या ताऱ्यांना एकमेकांपासून वेगळे कसे काढावे याच प्रश्नावर त्यांनी २०१७ साली एक सविस्तर निबंध लिहिला. यादी छोटी राहिली तरी चालेल, ती भेसळमुक्त हवी, हा त्यामागचा आग्रह.

दुसरी भूमिका मॅसी यांच्या लेखनात स्पष्ट दिसते. २००६ साली त्यांनी देवयानीतला एक तारा दाखवला, ज्याचा वर्णपट पी सिग्नीच्या वर्णपटाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. जुन्या नोंदींत मात्र त्याच्या तेजात काही मोठा बदल दिसत नाही. आता स्वतः पी सिग्नीकडे पाहा. सतराव्या शतकानंतर त्यानेही मोठा उद्रेक केलेला नाही. तो देवयानीत असता तर आपल्या काही दशकांच्या नोंदींवरून त्याला कुणी एलबीव्ही म्हटले असते का? निरीक्षणाचा काळ ताऱ्याच्या विश्रांतीपेक्षा तोकडा असेल, तर उद्रेकाची अट घातल्याने खरे तारे यादीबाहेर राहतात, आणि या अवस्थेचा कालावधी आपण कमी लेखतो.

मधला पुरावा दोन्हीकडे झुकतो. एम-३१ मधला एक उमेदवार २०१५च्या सुमारास खरोखरच थंड, दाट वाऱ्यांच्या अवस्थेत गेलेला आढळला, म्हणजे वर्णपटावरून केलेला अंदाज खरा ठरला. दुसरीकडे, त्याच याद्यांतले काही तारे धूळ आणि निषिद्ध रेषांमुळे बी-कंस-ई गटात हलवावे लागले. शिवाय जुलियानो रोमानो यांनी १९७८ साली शोधलेला एम-३३ मधला तारा कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. त्याचे तेज ठळकपणे बदलते, पण अलीकडच्या दशकांत तो उजळ असतानाही पूर्ण थंड झालेला नाही. त्याचा वर्णपट वोल्फ-राये प्रकारांतच मागेपुढे होतो. ही अवस्था ओलांडून तो पुढे चालला आहे, असे त्याचा अभ्यास करणाऱ्या काहींचे मत आहे.

माझा कल उमेदवारांना उमेदवारच म्हणण्याकडे आहे. मात्र या अवस्थेचा कालावधी काढताना त्यांना शून्य धरणे मला पटत नाही.

एकाकीपणाचा वाद

यादीच्या शुद्धतेला किती महत्त्व आहे ते २०१५ साली कळले. नेथन स्मिथ आणि रायन टॉम्बलसन यांनी आकाशगंगा आणि मोठ्या मॅजेलनी मेघातले एलबीव्ही तपासून म्हटले की हे तारे तरुण, अतिजड ताऱ्यांच्या समूहांपासून फार दूर आढळतात. इतक्या अल्पायुषी ताऱ्यांना जन्मस्थानापासून एवढे लांब जायला वेळच मिळत नाही. त्यांचे उत्तर असे: हे तारे मुळात एवढे जड नव्हते; जोडताऱ्याकडून वस्तुमान मिळाल्याने ते फुगले, आणि जोडीदाराचा स्फोट झाल्यावर काही दूर फेकले गेले. हे खरे असेल तर एलबीव्ही अवस्था हा अतिजड एकट्या ताऱ्याच्या आयुष्याचा टप्पा उरत नाही.

हम्फ्रीज यांच्या गटाने २०१६ साली उत्तर दिले. त्या नमुन्यात पक्के आणि संशयित तारे मिसळले आहेत, आणि तुलनेने कमी तेजाचे एलबीव्ही वयाने मोठे असल्याने ते जन्मस्थानापासून लांब असणे स्वाभाविक आहे, असे त्यांचे म्हणणे. एम-३१ आणि एम-३३ मधल्या पक्क्या ताऱ्यांचे वेग त्या त्या ठिकाणच्या फिरण्याच्या वेगाशी जुळतात, पळून चाललेल्या ताऱ्यांसारखे ते नाहीत, हाही त्यांचा मुद्दा. स्मिथ यांनी त्याच वर्षी प्रतिवाद केला की नमुना असा वाटून घेतला तरी एलबीव्हींची जागा अतिजड तरुण ताऱ्यांच्या शेजारी येत नाही. २०१८ साली एरिन आडलंड, मॅसी आणि सहकाऱ्यांनी एम-३१, एम-३३ आणि मोठा मॅजेलनी मेघ एकत्र घेऊन पाहिले. त्यांना एलबीव्ही निळ्या महाराक्षसींपेक्षा आणि वोल्फ-राये ताऱ्यांपेक्षा वेगळे एकाकी दिसले नाहीत.

वाद मिटला असे म्हणता येणार नाही. दृष्टिरेषेतला वेग मोजता येतो, आडवा वेग नाही. सेकंदाला ५० किलोमीटरचा आडवा वेग एम-३१ मध्ये वर्षाला चापसेकंदाच्या लक्षांशापेक्षा किंचित जास्त सरक दाखवेल, आणि एवढ्या मंद ताऱ्यांसाठी ते गायाच्या आवाक्यात नाही. शिवाय जोडताऱ्याचे मॉडेल आता एकाकीपणावरच टेकलेले नाही. आपल्या आकाशगंगेतल्या एलबीव्हींच्या अलीकडच्या अभ्यासांत निम्म्याहून अधिक ताऱ्यांना जोडीदार असावा असे दिसते. शेजारच्या दीर्घिकांत हीच तपासणी करणे फार कठीण आहे.

न सुटलेले

फुगवटा का येतो? २०१८ साली यान-फेइ जियांग यांच्या गटाने त्रिमितीय संगणकीय प्रतिरूपांतून दाखवले की बाहेरच्या थरांतल्या हेलियमची अपारदर्शकता वाढली की प्रकाशाच्या दाबाने ते थर उचलले जातात. काही दिवसांचे लहान चढउतार त्यातून निघतात. दशकांची आवर्तने मात्र अजून समाधानकारकपणे निघालेली नाहीत. जड मूलद्रव्यांचे प्रमाण कमी झाले की या ताऱ्यांची संख्या आणि वागणूक कशी बदलते, हेही उघडे आहे. एम-३३ मध्ये केंद्राकडून कडेकडे हे प्रमाण घटत जाते, त्यामुळे तपासाला ती सोयीची. पण तिथले पक्के तारे इतके थोडे आहेत की कल ठरवणे अवघड. लामोस्ट दुर्बिणीला २०१९ साली देवयानीच्या केंद्रापासून सुमारे ७०,००० प्रकाशवर्षे दूर, चकतीच्या काठावर सापडलेला एलबीव्ही या बाबतीत लक्ष वेधून घेतो. इतक्या जड ताऱ्यांची तिथे फारशी अपेक्षा नव्हती.

शेवट कसा होतो, यावरही एकमत नाही. जुन्या मांडणीत ही अवस्था सरून तारा वोल्फ-राये होतो आणि मग कधीतरी फुटतो. २००९ साली गाल-याम आणि लेनर्ड यांनी दाखवले की २००५ सालच्या एका अतिनवताऱ्याच्या जागी आधी दिसणारा एलबीव्हीसारखा तेजस्वी तारा स्फोटानंतर नाहीसा झाला. काही एलबीव्ही थेट स्फोट पावतात असे यावरून दिसते. किती, ते सांगता येत नाही.

पुढच्या दशकातली अडचण व्यावहारिक आहे. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा दक्षिण आकाशात असंख्य रूपविकारी तारे टिपील, पण तिथून देवयानी क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येते. या दोन दीर्घिकांचे रोजचे निरीक्षण पालोमारच्या झेडटीएफसारख्या उत्तरेकडच्या सर्वेक्षणांवर अवलंबून राहणार आहे, आणि जुन्या काचांच्या डिजिटल प्रतींवर. तेज वाढल्याची खबर मिळाल्यावर काही आठवड्यांत वर्णपट घेणारी दुर्बीणही हवी. त्यातले बरेचसे काम २ मीटरच्या दुर्बिणीने होते. लडाखमधल्या हानले इथे तशी एक आहे, आणि अमेरिकेत दिवस असतो तेव्हा तिथे रात्र असते. या ताऱ्यांसाठी तिचा नियमित थोडा वेळ वर्षानुवर्षे राखून ठेवता आला, तर उमेदवारांच्या यादीतली नावे एकेक करून पक्की करता किंवा खोडता येतील.